आगाऊ डावा पाय

मी एक डावा पाय बोलतोय. दचकू नका, हाडामांसाचा नाही, लाकडाचा आहे. बूट शिवणारे कारागीर गिऱ्हाइकाच्या मापाचा लाकडी पाय कोरतात, त्यावर चामडं ताणून बसवतात, खिळे ठोकतात, आणि बूट तयार झाला की तो पाय आतून ओढून काढतात. त्याला फर्मा म्हणतात. तर मी फर्मा. ज्या पायाच्या मापाचा मी आहे, त्या पायाने जन्मभर पायपीट केली. मी मात्र एक पाऊलही चाललेलो नाही.

फर्मे जोडीने जन्माला येतात, एक डावा आणि एक उजवा. माझंही भावंड आहे, माझ्या आधी दोन-तीन दिवस कोरलेलं. पण तेही डावंच. आता तुम्ही म्हणाल, एका माणसाला दोन डावे पाय कसे? हीच तर माझी जन्मकथा. आमच्या घरात ती चाळीस वर्षं सांगितली गेली, लोक पोट धरून हसले, आणि ती साफ चुकीची होती. खरी गोष्ट मला ठाऊक होती आणि मला घडवणाऱ्या कारागिराला. मला तोंड नाही, आणि ज्याला तोंड होतं तो मुलखाचा अबोल.

त्याचं दुकान म्हणजे एका खोलीएवढी जागा. रस्त्याकडे काचेची खिडकी, खिडकीपाशी त्याचं ठेंगणं स्टूल, समोर गिऱ्हाइकाला एक खुर्ची, आणि भिंतीवर छतापर्यंत फळ्या. फळ्यांवर आम्ही सगळे फर्मे ओळीने. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: ‘दातांचे डॉक्टर’, ‘शाळेचे शिपाई’, ‘कोपऱ्यावरची शिंपीण’. नावं त्याच्या लक्षात राहत नसत, पाय राहत. रस्त्यात कोणी भेटलं तर हा आधी खाली बघायचा आणि मग ओळखीचं हसायचा.

बुटाचा तळ ठोकताना तो दहा-बारा खिळे ओठांत धरायचा. एकेक काढायचा, एकेक ठोकायचा. त्यात त्याला एक फायदा सापडला. तोंडात खिळे असले की बोलावं लागत नाही. मग हळूहळू तो माप घेतानाही खिळे तोंडात ठेवू लागला, बूट हातात देतानाही ठेवू लागला. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय कामसू माणूस आहे.

एका दुपारी दुकानात टपालवाली आली. टपाल खात्याचा गणवेश, डाव्या खांद्याला ही एवढी पिशवी, आणि तोंडाची टकळी आत यायच्या आधीपासून सुरू.

“बाजारातला एक बूट मला धड होईल तर शपथ,” ती खुर्चीवर बसता बसता म्हणाली. “हे बघा, डाव्या करंगळीच्या मुळाशी हाड वर आलंय. सायकलवरून पडले होते. कुठलाही बूट घाला, नेमका तिथेच चावतो. उजव्याची काही तक्रार नाही, तो बिचारा सज्जन आहे.”

कारागिराने जमिनीवर कागद पसरला. तिने डावा पाय ठेवला. त्याने पेन्सिल उभी धरून पायाच्या कडेने रेघ ओढली, हाडापाशी जरा हळू. मग फितीने माप घेऊन आकडे लिहिले. ती बोलतच होती. कोणत्या घरातला कुत्रा फक्त गणवेशावर भुंकतो, कोणाचं दार वाजवून वाजवून हात दुखतो. एका म्हाताऱ्या गृहस्थांना लेकाचं पत्र ती वाचून दाखवायची, आणि लेक लिहायला विसरला असेल तर ‘तब्येतीला जपा’ हे वाक्य शेवटी पदरचं घालायची. “त्यात काय, पोराच्या मनात असणारच की,” ती म्हणाली.

कारागिराने पहिला कागद बाजूला केला आणि दुसरा पसरला. तिने पाय उचलला आणि पुन्हा ठेवला. बोलण्याच्या नादात तोच ठेवला, डावा. आणि हा पठ्ठ्या खाली मान घालून ऐकत होता. त्या दुकानात त्याच्याशी इतका वेळ कोणी बोललंच नव्हतं. कान तिकडे आणि हात इकडे, त्याने मुकाट रेघ ओढली, आकडे लिहिले आणि मान हलवली. आठ-दहा दिवसांनी येते म्हणून ती गेली.

संध्याकाळी त्याने दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले. रेघ रेघेवर बसली, आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

आता यात अवघड काय होतं? टपालवाली दिवसातून दोनदा दुकानावरून जायची. नुसतं दारात उभं राहून म्हणायचं, ‘उजवा पाय राहिला.’ तीन शब्द. पहिल्या दिवशी तो दारापर्यंत गेला. तिने लांबूनच विचारलं, “काय, झाले का बूट?” याने नकाराची मान हलवली आणि काढता पाय घेतला. दुसऱ्या दिवशी त्याने तोंडातले खिळे काढून ठेवले, घसा खाकरला, पण ती घाईत होती. तिसऱ्या दिवशी तो माझ्या भावंडासमोर बसून सराव करत होता. लाकडासमोर छान बोलायचा हो, अगदी अस्खलित. चौथ्या दिवशी त्याने सराव सोडला, लाकडाचा नवा ठोकळा घेतला, समोर दुसरा कागद ठेवला आणि मला कोरायला बसला. त्याला वाटलं, ती येईल, बघेल आणि तीच काय ते बोलेल. एक वाक्य बोलण्यापेक्षा त्याला आख्खा पाय कोरणं सोपं गेलं.

असा मी जन्माला आलो. करंगळीपाशी त्या हाडाच्या उंचवट्यासकट, तंतोतंत.

ठरल्या दिवशी टपालवाली आली. पहिला बूट घातला, उभी राहिली, टाच आपटली. “वा. चावत नाही,” ती म्हणाली. मग दुसऱ्या बुटात उजवा पाय घालायला गेली आणि थांबली. दोन्ही बूट शेजारी शेजारी ठेवले. दोघेही एकाच बाजूला तोंड करून बसलेले.

“अहो, मला दोन्ही पाय डावे आहेत असं कोणी सांगितलं तुम्हाला?”

दोन्ही कागद त्याच्या हाताशी होते. नुसते पुढे केले असते तरी पुरलं असतं. पण तिचाच पाय चुकला हे तिला तोंडावर कसं सांगायचं? त्याने खिळे काढले आणि एकच शब्द उच्चारला.

“चुकलं.”

टपालवाली इतकी हसली, इतकी हसली की तिला पुन्हा खुर्चीवर बसावं लागलं. “माझ्याकडे बघत बसला असाल,” ती म्हणाली. आणि याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिथून आमच्या घरच्या गोष्टीला जे तोंड फुटलं, ते कायमचं.

उजवा फर्मा झाला, बूट झाले, त्यानंतर पुढच्या वर्षी लग्नही झालं. लग्नाचंही तिनेच विचारलं. याच्या तोंडात खिळे होते, याने मान हलवली.

माझा मात्र काही उपयोग नव्हता. शाळेच्या शिपायाने एकदा सुचवलं, “हा जास्तीचा काढून टाका की.” पण टपालवाली म्हणाली, “खबरदार. याच्यामुळे माझं लग्न झालं.” तिनेच माझ्या चिठ्ठीवर लिहिलं, ‘आगाऊ’. खरं तर आगाऊ मी नाही, मी बिचारा निमूट पडून असायचो. पण नाव पडलं ते पडलं.

मी काय काय नाही केलं? वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दारात बसलो. कागद उडू नयेत म्हणून कागदांवर बसलो. हातोडी सापडेना तेव्हा माझ्या टाचेने खिळे ठोकले गेले, त्याचे वण अजून आहेत. मग त्यांना मुलगी झाली. ती चालायला लागली आणि मी तिची बाहुली झालो. तिने मला फडक्यात गुंडाळलं आणि माझ्या कडेला दोन डोळे रंगवले. नाक रंगवावं लागलं नाही, करंगळीचं ते हाड होतंच. त्या नाकाला धरून ती मला ओढत सगळीकडे न्यायची, जेवू घालायची, दटावायची. लाकडाच्या पायाला कोणी अंगाई म्हटल्याचं तुम्ही ऐकलंय? मला म्हटली आहे.

आणि गोष्ट. ती तर रोजचीच. नवं गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की टपालवाली मला फळीवरून काढायची. “हा बघा. हे माझ्याकडे असे बघत बसले, असे बघत बसले, की उजव्या पायाचा कागद उलटा धरला आणि दुसराही डावाच कोरला.” दर वेळी थोडा मीठमसाला जास्त. एका वर्षी त्याच्या हातातून पेन्सिल पडली. खूप वर्षांनी तो स्टुलावरूनही पडू लागला. लेक लहानपणापासून हेच ऐकत मोठी झाली. कारागीर ओठांत खिळे धरून ठोकत राहायचा, आणि दर वेळी त्याच जागी, ‘बघत बसले’च्या जागी, त्याची हातोडी एक ठोका चुकायची. त्याला ती गोष्ट फार आवडायची. आपल्या रूपापुढे एक माणूस डावं-उजवं विसरला, असं जी चाळीस वर्षं हसत सांगते, तिला कोणत्या तोंडाने सांगायचं की अगं, तू तोच पाय दोनदा ठेवलास?

मग टपालवाली गेली. दोन महिन्यांचं आजारपण, आणि संपलं.

कारागीर दुकानात आला, स्टुलावर बसला आणि बसूनच राहिला. त्याने खिळे ओठांत धरले नाहीत, तरी ओठ तसेच मिटलेले. लेकीने विचारलं, “बाबा, जेवलात?” त्याने मान हलवली. “झोप लागली?” मान. “काही आणू?” मान, आडवी. महिना गेला, चार गेले, दहा गेले. आधीही तो कुठे बोलायचा, असं शेजारचे म्हणायचे. पण लेकीला फरक कळत होता. आधी तो गप्प बसून ऐकायचा. आता ऐकतही नव्हता.

लेक चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढते. दिवसभर लोकांना एकच विचारते, आता बरं दिसतंय की आधी? बोलण्यात ती आईवर गेली आहे. बाबांना घेऊन ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी घसा बघितला, कान बघितले. “यंत्र ठीक आहे,” ते म्हणाले. “यांना बोलायला काहीतरी निमित्त हवंय. तेवढं मात्र औषधाच्या दुकानात मिळत नाही.”

तिने काय काय करून बघितलं. रेडिओ लावला. मुद्दाम खोटंच भांडण काढलं. जुने फोटो समोर ठेवले. तो फोटोतल्या लोकांचे बूट बघत बसला. शेवटी ती थकली आणि म्हणाली, “बाबा, माझ्याकडे राहायला चला. दुकान देऊन टाकू. शेजारचे मोबाइलवाले घ्यायला तयार आहेत.” त्याने मान हलवली. उभी. लेक स्वयंपाकघरात जाऊन रडली, हे तिने नंतर कोणाला तरी फोनवर सांगितलं तेव्हा मला कळलं. म्हणाली, “ते नाही म्हणाले असते तर बरं वाटलं असतं गं.”

एका सुट्टीच्या दिवशी आवराआवर झाली. फर्मे गोणीत भरले गेले. दातांचे डॉक्टर, शिंपीण, शिपाई, सगळे डोक्यावर पाय आणि पायावर डोकं असे. गोण्या लाकडाच्या वखारीत जायच्या होत्या, आणि वखारीतून पुढे कुठे, ते तुम्ही समजून घ्या. लेकीने मला उचललं, गोणीपर्यंत नेलं, आणि तिचा अंगठा माझ्या नाकावर पडला. ती थांबली. रंगवलेल्या डोळ्यांपैकी एक अजून शाबूत होता. त्या एका डोळ्याने मी तिच्याकडे जितकं बघता येईल तितकं बघितलं. तिने मला पर्समध्ये टाकलं.

तिच्या चष्म्याच्या दुकानात वाचनालयाच्या ग्रंथपालबाई यायच्या. त्यांनी वाचनालयात एक उपक्रम सुरू केला होता. महिन्यातून एकदा, सुट्टीच्या सकाळी, लोकांनी घरातली एखादी जुनी वस्तू आणायची आणि तिची विचित्र पण खरी गोष्ट सांगायची. नियम दोनच. पाच मिनिटांत आटपायचं, नाहीतर बाई टेबलावरची घंटी वाजवणार. आणि गोष्ट संपली की बाई विचारणार, “खरं?” तेव्हा वस्तूवर हात ठेवून सांगायचं, “खरं.” बाई म्हणायच्या, थापा मारायला वर्तमानपत्रं आहेत, इथे नको.

लेकीने नाव दिलं. आणि त्या सकाळी बाबांना म्हणाली, “चला. नुसतं बसायचं आहे. ते तर तुम्हाला छान जमतं.”

वाचनालयाच्या मोठ्या खोलीत टेबलं सरकवून तीस-चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. कारागीर तिसऱ्या रांगेत कडेला बसला. नजर सवयीप्रमाणे लोकांच्या पायांवर.

पहिले उठले ते निवृत्त बसचालक. त्यांच्या हातात गजराचं घड्याळ. ते उभं ठेवलं की बंद पडतं आणि पालथं ठेवलं की बिनचूक चालतं. “एकतीस वर्षं मी वेळ बघायला घड्याळ उचलतो, तेवढ्यात ते बंद पडतं. पण बस एकदाही चुकली नाही,” ते म्हणाले, घड्याळावर हात ठेवला आणि सांगितलं, “खरं.” मग एक कारकून बाई उठल्या. त्यांनी दाराची पितळी मूठ आणली होती. तरुणपणी स्वतःच्या घरासाठी म्हणून घेतली, पण घर काही झालं नाही. मग ज्या भाड्याच्या खोलीत राहायला जायच्या, तिथली मूठ काढून ही बसवायच्या आणि सोडताना पुन्हा काढून न्यायच्या. अकरा खोल्या झाल्या. “खोली कोणाचीही असो, दार मी माझंच उघडलं,” त्या म्हणाल्या. त्यांनी ‘खरं’ म्हटलं तेव्हा खोलीत चुळबुळ थांबली होती.

मग आमची पाळी. लेकीने मला टेबलावर ठेवलं आणि सुरुवात केली. आणि काय सांगू, हुबेहूब आई. तोच हात, तोच सूर, तीच थांबायची जागा. “बाबा आईकडे असे बघत बसले, असे बघत बसले, की उजव्या पायाचा कागद उलटा धरला आणि दुसराही पाय डावाच कोरला.” लोक हसले. पेन्सिल पडली, लोक आणखी हसले. स्टुलावरून पडल्याचं तिने सांगितलं तेव्हा बसचालकांना ठसका लागला. मी कारागिराकडे बघत होतो. दहा महिन्यांत पहिल्यांदा त्याची मान वर होती. तो लेकीच्या तोंडाकडे बघत होता.

गोष्ट संपली. ग्रंथपालबाईंनी हसत हसतच विचारलं, “खरं?”

लेकीने माझ्यावर तळहात टेकवला. “खरं.”

“नाही.”

आवाज तिसऱ्या रांगेतून आला. गंजलेल्या बिजागरीचा असतो तसा. लेक वळली. कारागीर उभा राहिला होता. त्याने ओठांवरून बोट फिरवलं, खिळे काढून ठेवावेत तसं.

“खोट्यावर हात ठेवू नकोस,” तो म्हणाला. “तसं झालं नव्हतं.”

खोलीतल्या लोकांना काय माहीत ते काय ऐकताहेत. त्यांना वाटलं, म्हातारबुवांनी मधेच अडवलं. लेकीला मात्र कळत होतं, दहा महिन्यांनी बाबा बोलत होते. तिने टेबलाची कड धरली.

“मग कसं झालं होतं, बाबा?” तिने विचारलं.

तो पुढे आला. मला उचललं आणि उलटं करून तिच्यासमोर धरलं. “हे काय आहे?”

“नाक,” ती म्हणाली. लोक हसले, पण ती नाही.

“तुझं नाक. तुझ्या आईचं हाड. तिच्या उजव्या पायाला होतं का हे?”

आजारपणात दोन महिने तिने आईचे पाय चेपले होते. “नाही,” ती म्हणाली. “उजवा पाय साफ होता.”

“मग उजव्याचा कागद उलटा धरून कोरलं असतं, तर हे आलं कुठून?” तो म्हणाला. “मी उलटं काही धरलं नाही. तिने डावाच पाय दोनदा ठेवला. बोलत होती ना. मला संध्याकाळी कळलं. आठवडाभर रोज दोनदा ती दारावरून जायची. उजवा पाय राहिला, एवढंच सांगायचं होतं. ते काही झालं नाही माझ्याच्याने. मग हा कोरला.”

“आणि तुम्ही आईला कधीच सांगितलं नाहीत?”

“ती इतकी छान सांगायची,” कारागीर म्हणाला. “तिची चूक होती हे कळलं असतं तर ती गोष्ट सांगायची थांबली असती. मला ऐकायची होती. आज ती सांगत असती तर आजही मी उठलो नसतो.” मग त्याने लेकीकडे बघितलं. “तू सगळं तिच्यासारखंच सांगितलंस. पण ती वस्तूवर हात ठेवून कधी खरं म्हणाली नव्हती.”

पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. ग्रंथपालबाईंचा हात घंटीवर होता, पण त्यांनी ती वाजवली नाही.

“आईला माहीत असेल?” लेकीने विचारलं.

“नसावं,” तो म्हणाला.

इथे मला तोंड असतं तर आणखी काय हवं होतं. कारण त्या दोघांनाही ठाऊक नसलेली एक गोष्ट मला ठाऊक आहे. निवृत्त झाल्यावर टपालवाली दुपारची दुकानात येऊन बसायची. एकदा कारागीर चामडं आणायला बाहेर गेला होता. तिने मला फळीवरून काढलं, बूट-मोजे उतरवले आणि आपला डावा पाय माझ्या शेजारी जमिनीवर ठेवला. बोटाने आधी स्वतःचं हाड चाचपलं, मग माझं. मग फळीवरून उजवा फर्मा काढून त्याचीही कड बघितली. नंतर एकटीच हसायला लागली, डोळे पुसायची आणि पुन्हा हसायची. दुसऱ्या दिवशी नवं गिऱ्हाईक आलं, आणि तिने गोष्ट सांगितली. पहिलीच, मीठमसाल्यासकट. स्टुलावरून तो पडला, ते त्याच दिवशी पहिल्यांदा.

म्हणजे याने तिची चूक झाकली, आणि तिने त्याचं झाकणं झाकलं. लाकडाच्या काळजाला पाझर फुटत नाही म्हणतात. त्यांनी मला त्या दुपारी बघायला हवं होतं.

ग्रंथपालबाईंनी कारागिराला विचारलं, “आता खरं?” त्याने माझ्यावर हात ठेवला. दहा महिन्यांनी तो हात आज मला पुन्हा भेटला होता.

“खरं,” तो म्हणाला.

वाचनालयातून ती दोघं निघाली. लेक घराकडे वळली, तर तो चौकात उभाच.

“चावी दे,” तो म्हणाला. “आपल्या दुकानाची.”

त्याने शटर वर केलं. गोण्या अजून तिथेच होत्या, वखारीचा माणूस उद्या येणार होता. कारागिराने एका गोणीचं तोंड सोडलं, आत वाकून बघितलं आणि बडबडत शिंपिणीला काढून फळीवर ठेवलं. “कसे भरलेत. डोकं ना शेपूट.” मग लेकीच्या बुटांकडे नजर गेली. बाजारातले तयार बूट, टाच एका बाजूने झिजलेली.

“बस,” तो म्हणाला. “दिवसभर उभी असतेस, आणि असले बूट.”

लेक खुर्चीवर बसली. त्याने कागद पसरला, कोपरा उडू नये म्हणून मला त्यावर ठेवला, पेन्सिल घेतली. तिने डावा पाय ठेवला आणि बोलायला लागली. दहा महिन्यांचं साचलेलं. चष्म्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं, ते खोटं भांडण, ते डॉक्टर, मोबाइलवाल्यांना आता काय सांगायचं. तो ऐकत होता, रेघ ओढत होता, मधेच “सांग, दुकान चालू आहे” असं म्हणत होता. पहिला कागद झाला. दुसरा पसरला. लेकीने बोलता बोलता पाय उचलला आणि पुन्हा ठेवला.

डावाच.

मुद्दाम की नादात, हे मी एवढ्या जवळून बघूनही सांगू शकत नाही. कारागिराची पेन्सिल कागदावर टेकली आणि थांबली. लेक बोलायची थांबली. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मला माझा ठोकळा आठवला, कोरण्याआधीचा.

त्याने तिच्या पायावर पेन्सिलीने हलकेच टकटक केलं.

“हा झाला,” तो म्हणाला. “आता उजवा दे.”

आता मी पुन्हा फळीवर आहे. चिठ्ठी तीच, डोळा एकच. शेजारी लेकीचे दोन फर्मे आहेत, एक डावा, एक उजवा, अगदी रीतसर. मोबाइलवाल्यांनी दुसरीकडे जागा बघितली. कारागीर दुपारपर्यंत काम करतो, तोंडात खिळे धरतो, पण गिऱ्हाईक आलं की काढून डबीत ठेवतो. मला हातात घेऊन आता तोच गोष्ट सांगतो. परवा तर टपालवालीच्या हातातली पिशवी पडल्याचंही सांगत होता. ती पडली नव्हती. मी काही बोलणार नाही.

जाता जाता तुम्हाला एकच सांगतो. ते तीन शब्द तो वेळेवर बोलला असता तर मी जन्मालाच आलो नसतो. न बोलण्याने ज्याचं भलं झालं असा सगळ्या जगात मी एकटाच. म्हणून माझं ऐका. तुमच्या घरात माळ्यावर, फळीवर, खाटेखाली माझ्यासारखं कोणी पडलं असेल, त्याला बाहेर काढा आणि चार माणसांत त्याची गोष्ट सांगा. चुकली तर चुकली. कोणीतरी तिसऱ्या रांगेतून उठेल.